निविदेत न लिहिलेली ओळ

संसदेच्या २०१६ च्या हिवाळी अधिवेशनाची आठवण निघते ती गदारोळाच्या संदर्भात. नोटाबंदीच्या निर्णयावरून दोन्ही सभागृहांचे कामकाज जवळजवळ महिनाभर ठप्प झाले होते. फलक, घोषणा, तहकुबी आणि पुन्हा घोषणा, असा तो दिनक्रम होता. त्याच अधिवेशनात १४ डिसेंबरला राज्यसभेत काही काळ चमत्कार वाटावा अशी शांतता पसरली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क विधेयक संमत झाले. दोनच दिवसांनी, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, लोकसभेनेही त्यावर मोहोर उमटवली. कोणत्याही मुद्द्यावर एकत्र न येणारे पक्ष या एका विधेयकापुरते एकत्र आले, याचे तेव्हा कौतुक झाले आणि ते रास्तही होते. मात्र ज्या कायद्याला कोणाचाच विरोध नसतो, त्याच्या अंमलबजावणीची चौकशीही सहसा कोणी करीत नाही, हा राजधानीतला जुना अनुभव आहे.

या विधेयकाचा प्रवास मराठी वाचकाला आणखी एका कारणाने ठाऊक असावा. फेब्रुवारी २०१४ मध्ये तत्कालीन सामाजिक न्यायमंत्री मल्लिकार्जुन खरगे यांनी ते राज्यसभेत मांडले. सत्तांतरानंतर ते स्थायी समितीकडे गेले. त्या समितीचे अध्यक्ष होते रायपूरचे खासदार रमेश बैस, जे पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीचा अहवाल मे २०१५ मध्ये आला. म्हणजे या कायद्याच्या घडणीत छत्तीसगडचा हात होता. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, नोकरीतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९९५ च्या कायद्यातील एक पळवाट बुजवण्यात आली. त्या जुन्या कायद्यात अडथळामुक्त इमारतींची जबाबदारी सरकारवर टाकताना ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली होती. कोणत्याही खात्याला कोणत्याही वर्षी वापरता येईल अशी ती सबब होती. नव्या कायद्यातील सुगम्यतेच्या कलमांत ती नाही.

आता हा कायदा दिल्लीहून न पाहता रुआबांध्याहून पाहू.

रुआबांधा हा भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा एक सेक्टर. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ची. मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग हे नागपूरहून काही तासांचे अंतर असल्यामुळे विदर्भातली असंख्य कुटुंबे या कारखान्याच्या आधाराने भिलाईत स्थिरावली. त्यात परकेपणाही फारसा नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. त्या कुटुंबांची तिसरी पिढी आज तिथल्या शाळांत आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि सुट्टीत अमरावती-भंडाऱ्याचे आजोळ, अशी ही मुले.

या विषयासाठी रुआबांधा निवडण्याचे कारण असे की तिथे नेहमीच्या सबबी चालत नाहीत. बस्तरच्या आतल्या गावाबद्दल वीज नाही, रस्ता नाही, शिक्षक टिकत नाही, असे सांगता येते आणि ते पुष्कळदा खरेही असते. भिलाईची नियोजित वसाहत मात्र साठ वर्षांहून जुनी आहे. कंपनीच्या, राज्य सरकारच्या आणि खासगी, अशा तिन्ही प्रकारच्या शाळा या शहरात आहेत. त्याच दुर्ग जिल्ह्यात, कुटेलाभाठा येथे, आयआयटी भिलाईच्या कायम संकुलाचे फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झाले. जिथे देशातले निवडक विद्यार्थी संगणकशास्त्र शिकण्यासाठी येतात, त्या जिल्ह्यात नववीतल्या दृष्टिहीन मुलीला शाळेच्या संगणकावर स्वतःचे नाव टंकित करता येते का, हा प्रश्न गरिबीचा उरत नाही. तो प्रशासनाचा होतो.

छत्तीसगडच्या बाबतीत एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. राज्य झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. पहिले मुख्यमंत्री अजित जोगी हे स्वतः अभियंता आणि माजी सनदी अधिकारी. माध्यमिक शाळांतील मुलींना मोफत संगणक शिक्षण देणारी इंदिरा सूचना शक्ती योजना त्यांच्याच सरकारची. पुढे २००४ च्या लोकसभा प्रचारात झालेल्या अपघातानंतर जोगी चाकाच्या खुर्चीला खिळले. महासमुंदहून निवडून आल्यावर लोकसभेत ते त्याच खुर्चीतून येत आणि २०२० मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे राजकारण त्याच खुर्चीतून चालले. ज्यांच्या सरकारने शाळांत संगणक पोहोचवले, त्यांना नंतर अशा एखाद्या संगणक कक्षात जायचे झाले असते, तर दाराची रुंदी आणि उंबरठ्याची उंची यांवर सारे अवलंबून राहिले असते. योजना आखताना हा हिशेब कोणी केला नव्हता. देशातल्या बहुतेक राज्यांची गोष्ट याहून वेगळी नाही.

असे का होते, याचे उत्तर फायलींच्या इतिहासात आहे. शाळेत संगणक नेण्याचा केंद्राचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ चा. तेव्हा बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे निवडक शाळांत गेली. डिसेंबर २००४ मध्ये शालेय माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रपुरस्कृत योजना आली. दुसरी फाईल याहून जुनी आहे. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची योजना १९७४ ची आणि माध्यमिक स्तरासाठी तिचे नवे रूप २००९ चे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानाने या सगळ्यांना एका छत्राखाली आणले. छत्र एक झाले, पण लेखाशीर्षे वेगळीच राहिली. संगणक कक्षासाठी शाळेमागे ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकदाच मिळणारे आणि पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंतचे आवर्ती अनुदान, असा त्या अभियानाचा निकष. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी वर्षाला साडेतीन हजार रुपयांचा निकष, तो वेगळा. पहिली रक्कम निविदेतून पुरवठादाराकडे जाते. दुसरीतून मदतनीस, प्रवासभत्ता, साधने, शिबिरे यांचा खर्च भागवायचा असतो. संगणकाची निविदा काढणारा अधिकारी आणि दिव्यांग मुलांची यादी ठेवणारा अधिकारी एकाच इमारतीत बसत असले, तरी एकाच्या फाईलवर दुसऱ्याची सही लागत नाही.

धोरण नव्हते, असेही म्हणता येत नाही. केंद्र सरकारने २०१२ मध्ये शालेय माहिती-तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, ब्रेल मुद्रक यांसारखी साधने सर्व शाळांच्या संगणक-सुविधेचा भाग असतील, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या गोष्टींचा समावेश होईल, असेही आहे. दिल्लीत धोरण लिहिणाऱ्याने आपले काम केले होते. ते धोरण निविदेच्या परिशिष्टात उतरले नाही. प्रोसेसर कोणता, स्मृती किती, बॅटरी किती मिनिटे, टेबलाचे लाकूड कसले, हे सारे तिथे बारकाईने लिहिलेले असते. पुरवठादार त्यातले एक कलम चुकला तर देयक अडते. न लिहिलेल्या कलमाबद्दल कोणाचेच देयक अडत नाही.

आकडेवारीतही हीच फूट दिसते. शाळांच्या वार्षिक माहिती-संकलनात रॅम्पचा एक रकाना असतो आणि संगणकाचा दुसरा. दोन्ही रकाने भरले की शाळा दोन्ही बाबतींत उत्तीर्ण. तो रॅम्प मुख्याध्यापकांच्या दालनाशी संपतो की संगणक कक्षापर्यंत जातो, हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही. संगणकांची चोरी होऊ नये म्हणून कक्ष वरच्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या दाराआड ठेवण्याकडे मुख्याध्यापकांचा कल असतो. त्यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. यंत्र हरवले तर वसुली त्यांच्याकडून होते, मूल बाहेर राहिले तर होत नाही.

रुआबांध्यातील एखादी नववीतली दृष्टिहीन मुलगी कल्पनेत घेऊ. तिला तळमजल्यावरच्या कक्षात पोहोचवले, खुर्ची दिली, कळफलक पुढ्यात ठेवला. आता तिला हवा आहे आवाज. पडद्यावर जे दिसते ते बोलून दाखवणारी प्रणाली नसेल तर तिच्यापुरता संगणक बंदच आहे. अशी ‘जॉज’ नावाची प्रणाली विंडोजवर १९९५ पासून आहे, पण तिची किंमत सामान्य शाळेला झेपणारी नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विकसित करायला सुरुवात केली. ती मोफत आहे, तिची संहिता खुली आहे आणि तिच्यासोबत येणारा ई-स्पीक हा वाचक हिंदीही बोलतो आणि मराठीही. त्याचा उच्चार यांत्रिक आहे, पण सवयीने समजतो. म्हणजे या मुलीला लागणारी मुख्य वस्तू फुकट मिळते. शाळेला विकत घ्यायचा आहे तो एक हेडफोन, आणि तोही बहुतेकदा यादीत नसतो. शिवाय कक्षातील यंत्रांचा पासवर्ड पुरवठादाराच्या माणसाकडे असेल, तर फुकटची प्रणालीही शिक्षकाला स्वतःहून बसवता येत नाही.

याच्या पुढे एक अडचण आहे आणि ती खास आपल्या लिपीची आहे. हिंदी पट्ट्यातील कार्यालये आणि टंकलेखन संस्था वर्षानुवर्षे कृतिदेव या टंकावर चालल्या. महाराष्ट्रात शिवाजी, श्रीलिपी यांसारखे टंक होते. या टंकांत डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षर असते. वाचक-प्रणाली ते रोमन अक्षरच वाचते. तेव्हा कृतिदेवमध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका या मुलीला ऐकू येते ती निरर्थक इंग्रजी वर्णांची माळ म्हणून. युनिकोडमध्ये लिहिलेला तोच मजकूर स्वच्छ ऐकू येतो. पानांची छायाचित्रे काढून केलेली पीडीएफ तर तिच्यासाठी कोरी पाने. ग्रंथांच्या बाबतीत भारताची कामगिरी खरे तर अभिमानास्पद आहे: दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ रूपात देण्याचा मराकेश करार जगात सर्वांत आधी भारताने, २०१४ मध्ये, अनुसमर्थित केला आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पण त्या ग्रंथालयाचे दार शाळेच्या संगणक कक्षातून उघडते. कक्ष मुका असेल तर ग्रंथालयही दूरच राहते.

इतर मुलांच्या गरजा याहून साध्या आहेत. अंशतः दृष्टी असलेल्याला मोठी अक्षरे आणि गडद पार्श्वभूमी हवी. ती सोय विंडोजमध्ये मुळातच आहे. हाताची बोटे नीट न चालणाऱ्या मुलासाठी दोन कळा एकदम दाबण्याची सक्ती दूर करता येते, तीही सोय विंडोज ९५ पासून त्यात आहे. कर्णबधिर मुलासाठी धड्याच्या चित्रफितीला खाली मजकूर हवा. चाकाची खुर्ची आत जाईल इतके उंच टेबल, ९० सेंटिमीटरचे दार, बारास एक या उताराचा रॅम्प ही मापे सरकारच्याच मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेली आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे पडत नाहीत, आणि पैसे पडत नसल्यामुळेच बहुधा त्यांची मंजुरी मागण्याची वेळ कोणावर येत नाही.

शब्दांच्या बाबतीत मात्र सरकारने पुष्कळ श्रम घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि काही महिन्यांत खात्यांच्या पाट्या बदलल्या. त्याच महिन्यात सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाचे तीन स्तंभ होते: इमारती, वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान. तिसऱ्या स्तंभात भर राहिला संकेतस्थळांवर आणि दूरचित्रवाणीवर. शाळेचा संगणक कक्ष पहिल्या स्तंभात मोडतो की तिसऱ्या, हे ठरले नाही आणि तो दोन्हींतून निसटला.

यात पणाला काय लागले आहे, हे सरकारी नोकरीतल्या वाचकाला निराळे सांगायला नको. लिपिक आणि डेटा एंट्रीच्या पदांना आज संगणकाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी, इतरत्र कसली तरी पदविका, शिवाय टंकलेखनाचा वेग. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठी चार टक्के पदे राखून ठेवली आणि भरती नियमांनी त्या पदांच्या दारात संगणक उभा केला. शाळेत ज्याला संगणकाला हात लावता आला नाही, तो त्या दारापाशी अडतो आणि मग ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा मारून जागा पुढच्या वर्षी ढकलली जाते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्तरे संगणकावर लिहिण्याची मुभा दिली. लेखनिकाच्या हस्ताक्षरावर आणि मर्जीवर अवलंबून राहणे टाळण्याचा तो मार्ग होता. परंतु ज्याने वर्षभर संगणक वापरला नाही, त्याला परीक्षेच्या तीन तासांत ती मुभा काय कामाची?

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर जेएनयूमध्ये त्या शिकल्या. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या यशानंतर रेल्वे लेखा सेवेने त्यांना पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन नाकारले. पुढच्याच परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, भारतीय प्रशासन सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या. सेंट झेवियर्समध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून चालते, हे इथे ध्यानात घ्यावे. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी चालू स्थितीतला, बोलणारा संगणक असणे या गोष्टीबद्दल तितके लिहिले गेले नाही. भिलाईच्या मुलीकडे जिद्द कमी असेल, असे मानायला आधार नाही.

जनगणना २०११ नुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, त्यांपैकी छत्तीसगडमध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास. पाच ते एकोणीस या वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के तेव्हा शिक्षण घेत होती आणि २७ टक्के कधीच शाळेत गेलेली नव्हती. आकडे जुने आहेत, पण संगणक कक्षाची चर्चा ज्या ६१ टक्क्यांपुरती आहे, तीही निम्म्याहून मोठी संख्या आहे.

आता न्यायालयाकडे वळू, कारण संसदेने सोडलेली सैल गाठ तिथे आवळली गेली. २०१६ च्या कायद्यातील शिक्षणविषयक कलम १६ ची सुरुवात सरकार ‘प्रयत्न करील’ अशा मवाळ क्रियापदाने होते. मात्र त्यापुढे इमारत, परिसर आणि सुविधा सुगम्य करण्याची आज्ञा आहे. कलम १७ अठरा वर्षांपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांना साहाय्यक उपकरणे मोफत देण्यास सांगते. जुन्या इमारती सुधारण्यासाठी नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाचा तो अखेरचा दिवस होता. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम पंधरा मात्र केवळ शिफारशीवजा मार्गदर्शिकांकडे बोट दाखवतो, ही विसंगती न्यायालयाने अवैध ठरवली आणि सक्तीचे किमान मापदंड तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश केंद्राला दिला. त्याच निकालात एक भेद नीट मांडला आहे. ‘वाजवी सोय’ ही मूल समोर आल्यावर त्याच्यापुरती करायची असते. ‘सुगम्यता’ मूल येण्याआधीच तयार असावी लागते. शाळांचे आजवरचे उत्तर ‘आमच्याकडे असा विद्यार्थीच नाही’ हे होते. या भेदानंतर ते उत्तर बाद ठरते. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोहोच ही जीविताच्या मूलभूत हक्काचा, अनुच्छेद २१ चा, भाग मानली. तो खटला बँकांच्या केवायसीचा होता, पण तत्त्व शाळेच्या दारात थांबणारे नाही.

मोजमापाचे साधनही आता हाताशी आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानक मे २०२३ मध्ये या कायद्याच्या नियमांत दाखल झाले. शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये दिव्यांग मुलांसाठीच्या ई-साहित्याची मार्गदर्शिका काढली आहे. मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याला किंवा रायपूरमधील प्रकल्प कार्यालयाला नवे काही शोधायचे नाही. संगणक कक्षाच्या पुढच्या निविदेत इतकेच लिहायचे आहे की यंत्रे आयएस १७८०२ शी सुसंगत असतील. प्रत्येक यंत्रावर हिंदीसह बोलणारी वाचक-प्रणाली बसवलेली असेल आणि हेडफोन असेल. दोन टेबले चाकाच्या खुर्चीला चालतील अशी असतील. पुरवठादार शिक्षकांना या सोयींचे प्रशिक्षण देईल आणि त्याशिवाय अंतिम देयक निघणार नाही. पोलाद कारखान्याच्या शाळांच्या बाबतीत तर राज्याच्या मंजुरीचीही वाट पाहायला नको. कंपनीचे खरेदी खाते स्वतःचे आहे.

खासदारांनाही यात काम आहे. संगणक कक्षांविषयीच्या प्रश्नाला राज्यवार संख्येचा तक्ता जोडून उत्तर येते आणि दिव्यांग विद्यार्थ्यांविषयीच्या प्रश्नाला दुसरा तक्ता जोडून. किती कक्षांतील किती यंत्रे बोलतात, असा तिसरा रकाना मागणारा प्रश्न एखाद्या सदस्याने तारांकित करून घेतला, तर उत्तर तयार करण्यासाठी का होईना, शिक्षण मंत्रालयातून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला आणि दुर्गच्या जिल्हा कार्यालयातून रुआबांध्याच्या शाळेला पत्र जाईल. ते पत्र हाती पडल्यावर मुख्याध्यापकांना कक्षाचे कुलूप काढून एक संगणक सुरू करावा लागेल आणि तो काही बोलतो का, हे ऐकावे लागेल.